रससंकोच

मुय्नाकच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच,
तोही आरशाचा. खिडकीतलं ऊन
बोटानं वळवून आत घ्यावं लागतं.
लाल कांद्याच्या पाकळीवरचा पापुद्रा
मी चिमट्यानं ओढते. सुटताना तो
ओल्या कागदासारखा बारीक आवाज करतो.

नववीतली मुलं रांगेनं येतात, एकेक डोळा मिटून.
"जांभळ्या विटा!" सर्बिनाज ओरडते.
विटा नव्हेत गं, खोल्या.
प्रत्येक खोलीत तुडुंब पाणी,
पाण्यात रंग, साखर, जरासं आम्ल,
आणि भिंतीला आतून टेकलेलं एक पटल,
सायीहून कितीतरी पातळ.
जगण्याचा सगळा संसार त्याच्या अलीकडे.
पलीकडे नुसतं जग.

मग मीठ. ते विकत आणावं लागत नाही.
अल्लांबेर्गेन सकाळीच मूठभर घेऊन आला
जुन्या धक्क्याच्या खालून.
माझे वडील तिथे बोट बांधायचे,
तेव्हा दोन पुरुष पाणी होतं.
आता शेळ्या बसतात.

थेंब सोडला की पहिल्यांदा काहीच होत नाही.
मुलं कंटाळतात. कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढतं.
आणि मग पटल भिंत सोडतं,
आधी कोपऱ्यांतून,
जांभळा रंग आत आत सरकत जातो,
दाट होतो, मधोमध गोळा होऊन बसतो.
भिंती मात्र तशाच. चौकोनी. जागच्या जागी.

"पाणी कुठे गेलं, बाई?"
मिठाकडे. पाणी मिठाला जागतं, मी सांगते,
खाल्लं नसलं तरी.
वहीत लिहा: परासरण. खाली लिहा: रससंकोच.

सर्बिनाज लिहीत नाही. खिडकीतून बघते.
समोरच्या गल्लीत सात घरं,
भिंती जागच्या जागी,
धूर एकाच घरातून.

मला ही तुलना शिकवायची नव्हती.
अभ्यासक्रमात ती नाही.
आई माशांच्या कारखान्यात डबे भरायची.
समुद्र गेला तरी कारखाना काही वर्षं चालला,
दुसऱ्याच कुठल्या महासागराचे गोठलेले मासे
मालगाडीनं वाळवंट ओलांडून यायचे
आणि आई ते मुय्नाकच्या डब्यात भरायची.
पुढच्या धड्यात याला सक्रिय वहन म्हटलंय:
उताराच्या उलट ओढत नेणं.
त्याला ऊर्जा लागते. रोज लागते.
एके सकाळी भोंगा वाजला नाही.

"आता गोडं पाणी घाला ना," अल्लांबेर्गेन म्हणतो.
शाळेच्या नळावर माझा भरवसा नाही,
मी बाटली नुकुसहून आणते.
काचेच्या एका कडेला थेंब,
दुसऱ्या कडेला टिपकागद,
आणि जांभळा रंग पसरायला लागतो,
पसरतो, फुगतो, भिंतीला टेकतो.
वर्गात अशी ओरड झाली
की शेजारून भूगोलाचे मास्तर डोकावले.

दुसरी काच मात्र खिडकीत राहून गेली होती,
मिठात, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत, उन्हात.
तिच्यावरही त्यानं पाणी सोडलं.
एक थेंब, मग चार, मग सांडेपर्यंत.
रंग पसरला खरा,
पण भिंत ओलांडून, वाट फुटेल तिकडे.
पटल फाटलं होतं.

"म्हणजे किती वेळ चालतं, बाई?
किती वेळात आणलं तर परत येतं?"
पुस्तकात नाही, मी म्हणाले.
कांद्याकांद्यावर असतं.
ते त्याला पटलं नाही. मलाही.

शनिवारी समुद्राच्या तळावर सॅक्सॉल लावायचा आहे,
फावडी आणा, डोक्याला काहीतरी बांधा.
ते झुडूप मिठाशी भांडत नाही,
थोडं स्वतःच्या पेशींत साठवून घेतं,
म्हणजे पाण्याला तिकडे यावंसं वाटतं.
हे परीक्षेला आहे का, असं मागून कुणीतरी विचारलं.
नाही, म्हटलं.

घंटा झाली. मी काचा पुसत होते.
बाटलीत दोन घोट उरले होते,
अल्लांबेर्गेननं न विचारता पिऊन टाकले,
तोंड बाहीला पुसलं आणि पळाला.
मी काही बोलले नाही.
सकाळपासून मीठ वाहून आणलं होतं त्यानं,
पाण्याला दुसरीकडे कुठे जायचं होतं?