तिसऱ्यांदा

एनकार्नासिओनच्या नगरवाचनालयात
साठ खुर्च्या, एक पंखा.
सकाळी तुटलेल्या नखावर मी चिकटवलेली
पिंगपाँगच्या चेंडूची कपची.

दुसऱ्या पानापर्यंत सगळं हातात होतं.
मग डावी बोटं पुढचा पडदाच विसरली.
थांबले नाही. मागे वळले,
तीच दीड ओळ पुन्हा,
बंद दारासमोर
पर्समध्ये किल्ली चाचपावी तशी.

पुन्हा.

तारेवरून बोट सरकल्याची कुईं,
कुणाच्या तरी थर्मासात हललेला बर्फ,
आणि पहिल्या रांगेत डॉन सेफेरिनो, माझे मास्तर,
ऐकू येणारा कान माझ्याकडे करून.

तिसऱ्या फेरीत आधी अंगठ्याला आठवलं,
मग मला.

टाळ्या. औषधाच्या दुकानातली निल्दा
जवळ येऊन हळूच म्हणाली,
ते मधलं, परत परत येणारं,
तिथे मला नदीपलीकडची बहीण आठवली.
फोन करीन म्हणते आज.

मी मान हलवली.
गिटार पेटीत निजवली, कड्या लावल्या,
एक लागेना, तिला दोनदा दाबलं.

मास्तरांनी टोपी घातली, काठी शोधली.
दारापाशी, माझ्याकडे न बघता:
"तिसऱ्यांदा बरं वाजलं."