डावी विंग

कोठावदे स्टेजवर कधी आले नाहीत.
एकदाच आले, अठ्ठ्याऐंशी साली,
पडदा अडकला म्हणून,
आणि टाळ्या पडल्या तेव्हा
चोरी पकडल्यासारखे आत पळाले.

दिवसभर प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासायचे,
कुठे शाई फुटली, कुठे आकडा सरकला.
सुटीचा भोंगा झाला की सायकल थेट
जेलरोडच्या शाळेत,
बाकं भिंतीला लावून आमचे संवाद तपासायला.
"'पण' खाल्लास तू. त्या 'पण'वरच तर बाई रडते."

मंडळ काढलं तेव्हा सात जण होते.
वर्गणी दोन रुपये, त्यातही दोघांची उधारी.
स्पर्धेत तिसरे आलो त्या रात्री
नाशिकरोडच्या फलाटावर सगळ्यांना चहा पाजला,
स्वतः घेतला नाही. पित्त होतं म्हणे.

काल शोकसभा.
मी बोलायला उभा राहिलो,
दुसऱ्याच वाक्याला अडलो
आणि मान आपोआप डावीकडे गेली.
तिथे हार्मोनियमची पेटी होती,
आणि कुणाची तरी एक चप्पल.

नंतर ट्रंक उघडली. किल्ली सुनेनं आणून दिली.
टोप, कंबरपट्टे, डांबराच्या गोळ्या,
आणि पाकिटांत मिशा,
प्रत्येक पाकिटावर त्यांचं बारीक अक्षर.
"बागूल. घाम फार. गोंद जास्त."
"शशिकला, पुरुष पार्ट. हसवू नये."
माझ्या पाकिटावर,
"डाव्या बाजूनं सुटते.
सांगू नका, घाबरतो."

इतकी वर्षं मला वाटत होतं
माझी कधी सुटलीच नाही.