सहा टक्के

एव्होऱ्याच्या शाखेत, दुसऱ्या मजल्यावर,
बेल्मीरो माझ्यासमोर बसलेत,
टोपी मांडीवर, बोटांच्या पेरांत काळे चरे.
अर्ज साधा आहे: अकरा हेक्टर उघडी जमीन,
तिच्यावर लावायचे बुचाचे ओक.

मी विचारते, पहिलं उत्पन्न कधी?
"पंचविसाव्या वर्षी साल निघते. खडबडीत. मातीमोल जाते.
चौतिसाव्या वर्षीची जरा बरी.
खरं बूच, बाटलीच्या तोंडात नीट बसणारं,
त्रेचाळिसाव्या."
पुढच्या मंगळवारचं बोलावं तसं बोलतात.

मी तक्ता उघडते.
त्रेचाळिसाव्या वर्षाचे शंभर युरो
आजकडे यायला निघतात.
वाटेत दरवर्षी एक जकातनाका,
प्रत्येक नाक्यावर ओझं थोडं उतरवतात,
माझ्या टेबलापाशी पोचतात
आठ,
आणि वर चिल्लर.
निलगिरी बाराव्या वर्षी तोडता येते.
तिच्या शंभरातले पन्नास शाबूत पोचतात.

मला वाटलं, आता आवाज चढेल.
ते मान डोलावतात.
"बरोबर आहे. झुल्मीराला मी बियाणं उसनं देतो
तेव्हा मापावर दोन मुठी जास्तच घेतो परत.
हातचं सोडून पळत्याच्या मागे फुकट कोण लागतं?
फक्त एवढं सांगा, हे सहा टक्के कुणाचे?"

बँकेचे, मी म्हणते. म्हणजे ठेवीदारांचे.
त्यात थोडी महागाई, थोडा वणवा,
थोडं हे, की तुमचे पैसे दुसरीकडे कुठे काय कमावले असते.
"आणि घाई?"
तीही त्यातच.
"किती?"
याला आमच्याकडे वेगळा रकाना नाही.

निलगिरी: अधिक एकोणीस हजार.
ओक: उणे अठ्ठावीस हजार चारशे.

ते गेल्यावर मी नुसतं बघायला म्हणून
सहाच्या जागी दोन लिहिलं.
लाल आकडा काळा झाला.
तीच जमीन, तीच झाडं, तोच पाऊस,
एका कळीवर अख्खं रान उभं राहिलं.
मी दाराकडे पाहिलं
आणि पुन्हा सहा केलं.

जूनमध्ये जागेची पाहणी.
शेजारच्या जुन्या रानात साल काढणं चाललेलं.
आदेलीनो कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोडावर ठोकतो,
कान देतो,
पोकळ वाजलं तरच पातं आत.
मग फळी सुटते, अंगरखा उतरावा तशी,
आणि खाली ओलं, तांबूस, उघडं अंग.
उतरलेल्या सालीवर पांढरा पाच: पंधरा साली काढली होती.
नव्या अंगावर आता चार रंगवतात: चोवीस.
झाडाच्या हिशेबाला एवढा एकच आकडा पुरतो.

मी विचारलं, हे लावलं कुणी?
"काय ठाऊक," बेल्मीरो म्हणाले.
"तुमचं वय काय?"
सत्तावीस.
त्यांनी ओठांतल्या ओठांत बेरीज केली,
"सत्तर," म्हणाले,
आणि आदेलीनोला शिडी सरकवायला सांगितली.

अहवालात मी लिहिलं: नामंजुरीची शिफारस.
आकडे तपासले आहेत.
ताव्हारेस साहेबांनी खाली सही केली,
कॉफी मागवली,
आणि आम्ही एका बेकरीच्या भट्टीची फाइल घेतली:
परतफेड चार वर्षांत, उत्तर अधिक,
कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

नोव्हेंबरात एक कागद माझ्या टेबलावर आला.
जुना ट्रॅक्टर, बँकेचा बोजा उतरलेला, विक्रीसाठी ना-हरकत.
विक्रेता: बेल्मीरो.
रकमेशेजारी पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात,
बहुधा स्वतःच्या आठवणीसाठी:
रोपं, सहाशे चाळीस.

कॅल्क्युलेटर हाताशीच होता.
मी शिक्का मारला,
तारीख घातली,
आणि कागद पुढे सरकवला.