अर्धं तिकीट

शालिमारला बस भरते तेव्हा
माझ्या मांडीवर निळी पिशवी, पिशवीत तो:
डोकं, मान, छाती, आणि बेंबीच्या वरच संपलेला.
चेन पूर्ण लागत नाही. नाक बाहेर राहतं.
कंडक्टर वाकून बघतो, म्हणतो,
"बाई, याचं हाफ फाडू का?"
"श्वास घेत नाही तो," मी म्हणते. "सामान धरा."
मागच्या सीटवरची म्हातारी हात जोडते.
कुणाला, ते कळत नाही.

सातपूरला, पत्रा दाबायच्या कारखान्यात,
कँटीनची टेबलं भिंतीला सारून सतरंजी घातलेली.
सकाळची फोडणी अजून पंख्याशी घुटमळतेय.
मी गुडघ्यांवर बसते आणि याला उघडते.
छातीची कातडी खालून सोलायची, ओला सदरा काढावा तशी.
आत स्प्रिंग. स्प्रिंगवर नवं फुप्फुस:
पातळ प्लॅस्टिक, पाव किलो शेव ज्यात मिळते तसलंच.
त्याची नळी घशातून ओढून तोंडाशी आणायची,
मग चेहरा. आधी डावा कान, मग उजवा.
कान नीट बसला नाही तर हवा गालात शिरते
आणि मेलेला माणूस रुसल्यासारखा फुगतो.
हसतात सगळे. हसू देते.
हसल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

नाशकात मेलेल्याची सोय आहे.
घाट आहे, गुरुजी आहेत, यादी दिली की साहित्य मिळतं,
कावळ्यांनासुद्धा वेळ पाठ.
हा मात्र दिवसातून तीसदा मरतो
आणि याचा दहावा एकदाही झाला नाही.

"खांदे हलवा. मोठ्यानं विचारा, काका, ऐकू येतंय का?
एकाकडे बोट करून सांगा: तू, तू एकशे आठ लाव.
'कुणीतरी लावा' म्हटलं की कुणीच लावत नाही."
या वाक्याला दर वेळी कोणीतरी खाली बघतं.
आज सुपरवायझर.

पाचवा नंबर रंगनाथ धात्रक, पॉवर प्रेसवर तीस वर्षं.
"मॅडम, बोटं गुंफा म्हणता. माझी मोजून आठ आहेत."
बोटं लागत नाहीत, म्हटलं. मनगटाजवळचा तळवा लागतो.
कोपर ताठ ठेवा.
टक्. टक्. टक्.
दोन इंच, दर वेळी दोनच इंच,
मिनिटाला शंभराच्या वर,
आणि छाती पूर्ण वर येईपर्यंत थांबणं,
जे शिकवताना माझा घसा बसतो.
"स्ट्रोक आहे हा," तो म्हणाला,
"वर गेल्याशिवाय खाली यायचा नाही.
मधे घाई केली की..." आणि हात तसाच दाबत राहिला.
तीस झाले तरी.
दोन श्वास द्यायचे असतात, ते त्याला सांगावं लागलं.

तरन्नुम, अप्रेंटिस, ओढणी कमरेला खोचून:
"किती वेळ दाबायचं?"
गाडी येईपर्यंत.
"आणि नाही आली?"
दमलीस की दुसऱ्याला बसव. पण थांबायचं नाही.
"मग तो उठला हे कसं कळतं?"

याच्याकडे बघितलं. हा कधी उठलेला नाही.

खऱ्या माणसावर मी एकदाच केलंय,
नाशिकरोडला, बिटकोजवळ, रसवंतीसमोर.
चरकाची घुंगरं चालूच होती, त्यावरच मोजलं.
बरगडी मोडली. तो आवाज टक् नव्हता.
शर्टाच्या खिशात विजेचं बिल होतं, ते माझ्या घामानं भिजलं.
मग गाडीचं दार लागलं.
पुढचं मला माहीत नाही.
बिलावरचं नाव माहीत आहे.

तरन्नुमला म्हटलं, "कधीकधी खोकतात."

सहाला शिफ्ट सुटते. मी याला परत सोलते,
स्पिरिटनं ओठ पुसते, पापण्यांच्या रेघाही.
फुप्फुस काढून टाकायचं, नियम आहे.
त्यात थोडी हवा राहिलीय, चोवीस जणांची.
दाबलं तर तोंडावर येते:
तंबाखू, वेलची,
कुणाचा तरी उपास.