मीटरची जागा

चेंदणी कोळीवाड्यात, खाडीकडच्या शेवटच्या गल्लीत
लाकडाचा सांगाडा उभा राहिलाय. भिंती अजून नाहीत,
नुसते खांब, तुळया, वासे
आणि त्यांच्या मधून आरपार खाडी.
दुर्गी नाखवा विचारते, मीटर कुठं लावनार?
जिथं भिंतच नाही तिथं
मी कानामागची पेन्सिल काढतो.

नियम पाठ आहेत.
मीटर बाहेरच्या अंगाला, रीडिंगवाल्याच्या डोळ्यांसमोर,
पावसाच्या झडीत नको, शेगडीजवळ नको,
लाकडावर थेट तर नकोच,
मध्ये न जळणारा तक्ता हवा.
पोलवरून आलेली केबल आधी खाली उतरवायची,
मग वळसा देऊन वर घ्यायची, आत,
म्हणजे पाणी त्या वळशाच्या पोटाशी थांबतं
आणि गळून जातं, घरात शिरत नाही.
वीस वर्षांत हे निदान हजार जणांना सांगितलं.
ऐकलं असेल चाळिसांनी.

इनास मेस्त्री तुळईवर घोड्यावर बसावं तसा बसलाय.
वरूनच ओरडतो:
भोक पाडायचं तर मधोमध पाड.
खालून खाच मारलीस तर हात तोडीन.
खालचं लाकूड ताणात असतं, वरचं दाबात,
मधलं तेवढं निवांत.
मी मान डोलावतो.
तीन भावांतला मधला असल्यामुळे
त्या निवांतपणाबद्दल मला शंका आहे, पण
लाकडाचं लाकूड जाणे.

दाराशेजारचा खांब मला आवडला.
गोल, काळा, बाकीच्यांपेक्षा जुना,
बोर्डाचा माणूस चप्पल न काढता आकडा वाचेल असा.
खूण केली. ड्रिल टेकवलं. घर्रकन आवाज झाला
आणि दुर्गीचा हात मध्ये आला.
याला भोक नय.

का, ते तिनं सांगितलं नाही.
इनासनं सांगितलं, पटाशी दगडावर घासत:
डोलकाठी आहे ती. हिराजीच्या होडीची.
होडी मोडली तेव्हा इंजिन एकानं नेलं, पत्रा भंगारात गेला,
जाळी कोणीतरी कुंपणाला लावली.
ही कुणी मागितली नाही.

हिराजी दहाच्या सुमारास आला,
घोडबंदरच्या मॉलवरची रात्रपाळी करून,
अंगात निळा युनिफॉर्म, खिशावर दुसऱ्याच कंपनीचं नाव.
माझा तक्ता उलटासुलटा करून बघितला.
म्हणाला, हिला खिळा मारीत नाय. बांधतात.
आणि दोरीनं असा आवळून दाखवला
की मी पिशवीतल्या स्टीलच्या पट्ट्या काढल्या
आणि मुकाट त्याच जागी, तशाच, दोन वेढे घातले.

मग केबल.
मी ती ओळंब्यासारखी सरळ ताणली होती,
लोक माझं काम त्या सरळपणावरून ओळखतात.
हिराजीनं बोटानं तिला एकदा वाजवलं.
थोरा सैल सोर.
कशाला?
भरती आल्यावं तुटल.
म्हटलं, काका, हे घर आहे.

वरून इनासचा भुसा माझ्या डोक्यावर पडत होता.
घर काय, म्हणाला तो,
पावसाळ्यात लाकूड फुगतं, वैशाखात आवळतं,
वर्षाला दोन-चार सूत इकडचं तिकडं होतं.
तुला हलताना दिसत नाही, एवढंच.

मी क्लिप काढल्या. वीतभर केबल सोडली.
वळसा आधी होता तो पावसासाठी,
हा दुसरा कशासाठी, ते वहीत लिहायला
माझ्याकडे शब्द नव्हता. फक्त लांबी लिहिली.

फॉर्मवर एक रकाना होता, बांधकामाचा प्रकार.
सिमेंट काँक्रीट, वीट, इतर.
'इतर'वर टिक केली. पुढच्या रेघेवर
काय ते लिहा, असं छापलेलं. ती तशीच ठेवली.

हिराजी त्याच खांबाशी पाठ लावून झोपला, बूट पायात ठेवून.
दुर्गीनं पैसे मोजले, पुन्हा मोजले,
आणि पन्नासची नोट परत कमरेला खोचली.
डोलकाठीवर, माझ्या पेन्सिलीच्या खुणेत
मुगाच्या दाण्याएवढा खड्डा पडला होता, ड्रिलचा.
मी वाद घातला नाही.