डाव्या पायाचा भाग

ऑर्गन वाजवणाऱ्याला दोन हात, दोन पाय.
तेओफिलने तो अख्खा माणूस उसवला
आणि आम्हा पाचजणांत वाटला.
उजवी करंगळी किटेरियाच्या सोप्रानोला,
मधली बोटं दोन आल्टोंना,
डावा अंगठा सांतानच्या टेनरला.
माझ्या वाट्याला पाय आले.

"बॅरिटोन म्हणजे पायच रे," तो म्हणाला,
"सावकाश चाल. घसरलास तर वरचे सगळे पडतील."

खरा ऑर्गन वर माळ्यावर आहे, दिवाडीच्या इगर्जीत.
भाता उंदरांनी खाल्लेला,
नळ्यांत कुंभारणीची मातीची घरं.
आम्ही त्याच्याखाली बसतो, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.
सांतान परवाच्या लग्नातून तसाच आलेला,
सुरात अजून वधूवरांचा थरथराट.
"सरळ," तेओफिल ओरडतो, "सरळ! केक कापून झालाय."

लाझार आणि मिंगेल सख्खे भाऊ.
शेताच्या बांधावरून दोन पावसाळे अबोला.
इथे एकाने अर्धवट सोडलेलं
दुसरा पंचमावरून उचलतो, पुरं करतो,
आणि वही मिटली की
दोघं दोन दारांनी बाहेर.

शेवटच्या पानावर माझा एकच स्वर आहे,
अकरा मात्रा-घरं लांब.
वर चौघांची धावपळ, खाली मी. जोत्यासारखा.
ऑर्गनला फुप्फुसं नसतात,
ज्याने तीनशे वर्षांपूर्वी हे लिहिलं
त्याने माझा विचार कशाला करावा?
तेओफिलने सहाव्या घरावर पेन्सिलीने श्वासाची खूण केली.
मी ती खोडली.

मी म्हार्दोळचा. बाबा देवळात सनईला,
आणि मी नऊ वर्षांचा, त्यांच्या मागे सूर धरायला.
एकच सा, पूजा आटपेपर्यंत,
गालात वारा साठवून, नाकाने श्वास चोरून.
कुणी माझ्याकडे बघायचं नाही.
सूर तुटला तरच बघायचे.

पण बॅरिटोनचं पोट सनईपेक्षा मोठं.
आठव्या घराशी डोळ्यांपुढे काजवे.
तेव्हा पहिल्या बाकावरचा जुजेफिन दिसला,
ऐंशीच्या पुढचा, ऐकायला कमी येणारा.
त्याचा हात गुडघ्यावर वर-खाली, वर-खाली:
पोरवयात तो याच ऑर्गनचा भाता ओढायचा.
हात वर गेला की मी नाकाने घेतला,
खाली आला की सोडला.
नऊ. दहा.
अकरावं जरा बसकं लागलं. खोटं कशाला बोलू.

टाळ्या किटेरियाला, तिचा हक्कच आहे.
मी नळीतलं पाणी फरशीवर ओतत होतो
तर जुजेफिनने पाठीवर तळवा ठेवला,
चामडं तपासावं तसा दाबून पाहिला.
"भातो बरो आसा," म्हणाला.

फेरीबोटीत लाझार माझ्या डावीकडे,
मिंगेल उजवीकडे.
मध्ये माझी पेटी, आडवी,
बांधासारखी.