तीन ग्रॅम

प्रोसेचच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आज
चाळीस माणसं आग जपायला बसलीत.
सगळ्यांना सारखाच नवा पाइप, तीन ग्रॅम तंबाखू,
दोन काड्या, पेटवायला एक मिनिट.
पहिली काडी मी घाईत मोडली.

मग काहीच घडत नाही.
घडू द्यायचं नसतं.
जोरात ओढलं तर जीभ भाजते, तंबाखू संपते;
जरा विसरलात, की विझली.
मधे जेमतेम एक झुरका मावेल एवढी जागा,
तिथे बसून राहायचं.

शेजारी व्लास्तिमिल, निवृत्त पोस्टमन,
डोळे मिटून. मिशीतून
मधूनच एक बारीक सुतळी वर जाते.
गेल्या वर्षी दोन तास अकरा मिनिटं.
त्याच्या बीअरचा फेस केव्हाच बसलाय.

चोपन्नाव्या मिनिटाला पंचबाई यार्मिला
माझ्यापाशी थांबल्या. "धूर दाखवा."
ओढलं. तोंडात नुसती गार राख.
खोटं बोलायलाही धूर लागतो.
हात वर केला.

आता बोलायची मुभा, बाहेर सॉसेज भाजतायत,
पण मी उठलो नाही.
व्लास्तिमिलनं एक डोळा उघडला,
दट्ट्या राखेवर अलगद टेकवला,
आणि आम्ही दोघं
श्वास धरून बघत राहिलो
सुतळी येते का.